थाळी कुणाची, वाटा कुणाचा?

(चांदे, ता. मुळशी, जि. पुणे येथे परिसरातल्या बचत गटांच्या बायकांपुढे केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपण बायका एकत्र जमलो की दारूवर बोलतो, मारहाणीवर बोलतो, सातबाऱ्यावर नाव लावण्यावर बोलतो. आज मी मटणावर बोलणार आहे. हसलात ना? हसा. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. पण ज्या बाईमुळे मला हा विषय सुचला, ती हसत नव्हती.

तिचं नाव, गाव सांगत नाही. याच पट्ट्यातली आहे, तीस-बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई. सकाळी घरचं आवरून सोसायटीत चार घरची कामं करते. चक्कर येते म्हणून तिने रक्त तपासून घेतलं, तर हिमोग्लोबीन आठ. त्याच दिवशी तिथे आहारावर माहिती देण्याचा कार्यक्रम चालू होता. माहिती देणाऱ्या बाईंनी तक्ता दाखवला आणि सांगितलं, तेल कमी करा, साखर कमी करा, लाल मांस कमी खा. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, “ताई, लाल मांस म्हंजी काय?” मी म्हटलं, बकऱ्याचं, मेंढीचं, मोठ्या जनावराचं. म्हणजे आपलं मटणच. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कमी म्हंजी किती कमी? माझ्या वाट्याला तर रस्साच येतोय.”

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आहे. पोषण आहार, माता-बालसंगोपन हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं आहे. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला मी सरकारची आहार-मार्गदर्शिका पुन्हा वाचायला घेतली. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे मांडते.

आपल्या देशात लोकांनी काय खावं, किती खावं याचा सल्ला हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था देते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची ही संस्था आहे. तिची आहार-मार्गदर्शिका पहिल्यांदा 1998 साली निघाली, मग 2011 साली सुधारली आणि मे 2024 मध्ये पुन्हा नव्याने आली. या नव्या पुस्तिकेत 17 मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि एक थाळी काढून दाखवली आहे. साध्या माणसाला दिवसाला 2000 कॅलरी लागतात असं धरून ती आखली आहे. त्यात भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, धान्य 250 ग्रॅम, दूध-दही 300 मिलिलिटर, शिवाय थोडे तेल आणि थोडे शेंगदाणे-तीळ यांसारखे पदार्थ. आणि एक गट आहे डाळी, अंडी, मांस-मासे यांचा. तो सगळा मिळून 85 ग्रॅम. म्हणजे मांस वर्ज्य नाही, पण डाळीच्या शेजारी, डाळीला पर्याय म्हणून बसवलेलं. 2011 च्या पुस्तिकेत तर मटणापेक्षा मासे बरे, आणि काळीज, गुर्दा, भेजा मर्यादेत खा किंवा टाळा असा सल्ला होता.

आता हा सल्ला चूक आहे का? नाही. मी इथे डॉक्टरांच्या विरोधात बोलायला उभी नाही. लाल मांस फार खाल्लं तर त्रास होतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. 2015 च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं की, खारवून, धुरावून, कारखान्यात प्रक्रिया करून विकलं जाणारं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी वगैरे, हे कर्करोगाला कारण ठरतं. आणि साधं लाल मांस कारण ठरण्याचा बराच संभव आहे. असं प्रक्रिया केलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी सांगितलं. हृदयविकाराचाही प्रश्न आहे. म्हणून डेन्मार्कने 2021 साली आपल्या लोकांना सांगितलं, सगळं मिळून आठवड्याला 350 ग्रॅमपर्यंतच मांस खा. इंग्लंडमध्ये, जे जास्त खातात त्यांनी दिवसाला 70 ग्रॅमवर यावं असा सल्ला आहे. 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातर्फे जगभरच्या तज्ज्ञांचा एक आयोग बसला होता. त्याने माणसाचं आरोग्य आणि पृथ्वीचं आरोग्य असा दोन्हींचा विचार करून सर्वांत कडक माप दिलं. लाल मांस दिवसाला सरासरी 14 ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम.

हा शंभर ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवा आणि आपल्या घरात या.

समजा घरात सहा माणसं आहेत. पंधरा दिवसांनी एका रविवारी अर्धा किलो मटण येतं. सातशे-आठशे रुपये किलोचा भाव असताना याहून जास्त कुठून येणार? अर्धा किलो म्हणजे 500 ग्रॅम, हाडांसकट. सारखं वाटलं तरी माणशी ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम आणि त्यात हाड. पण सारखं वाटलं जातं का? तुम्हीच सांगा. (सभेतून: नाही!) नळी कुणाला? मालकाला. काळीज कुणाला? मालकाला, नाहीतर धाकट्या लेकाला. पाहुणा असेल तर चांगल्या फोडी त्याला. मग सासरे, दीर, मुलं. पोरीला सांगायचं, तुला रस्सा आवडतो ना? आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर आपण पातेलं पुसून भाकरीला लावायचं. महिन्याचे दोन रविवार धरले तरी त्या बाईच्या पोटात जेमतेम चार-पाच फोडी जातात. जगातला सर्वांत कडक तज्ज्ञ एका आठवड्यात जेवढं मांस खायला परवानगी देतो, तेवढं आपल्या बाईला अख्ख्या महिन्यात मिळत नाही. आणि तक्ता तिला सांगतो, कमी खा!

हा माझा अंदाज आहे, असं कुणी म्हणेल. पण सरकारचीच पाहणी बघा. 2019 ते 2021 मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. त्यात 15 ते 49 वयाच्या माणसांना विचारलं होतं. मासे, कोंबडी किंवा मांस कधीच न खाणारे पुरुष देशात 16.6 टक्के निघाले, आणि बायका 29.4 टक्के. आठवड्यातून एकदा तरी खाणारे पुरुष 57.3 टक्के, तर बायका 45.1 टक्के. आता विचार करा, हे पुरुष आणि या बायका काही वेगवेगळ्या गावांत राहत नाहीत. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खातात. मग हा फरक आला कुठून? बाईची जीभ जन्मतः वेगळी असते का?

या फरकाची कारणं आपल्याला ठाऊक आहेत. एक कारण वाटपाचं, ते आत्ताच बोललो. दुसरं कारण वारांचं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा, मधे चतुर्थी, एकादशी. श्रावण आहे, नवरात्र आहे, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. नवऱ्याला नोकरी लागावी म्हणून उपास, पोराला गुण पडावेत म्हणून उपास. घराचं पुण्य सांभाळायचं काम बाईकडे. पुरुष आखाडात पोटभर खाऊन घेतो, श्रावणात चोरून हॉटेलात जातो. बाई घरात मटण शिजवते आणि स्वतः साबुदाणा खाते. ज्या दिवशी तिचा कुठलाच वार नसतो, त्या दिवशी नेमकं घरात मटण नसतं.

तिसरं कारण पैशाचं. मटण आणतो कोण? पुरुष. किती आणायचं, कधी आणायचं, कुणाला जेवायला बोलवायचं हे तोच ठरवतो. गावात दोन-चार घरं मिळून बोकड घेतात, तेव्हा वाटे घालायला पुरुषच बसतात. पानांवर वाटे मांडलेले तुम्ही पाहिले असतील. प्रत्येक वाट्यात थोडं काळीज, थोडी चरबी, थोडं हाड, थोडी वजडी, अगदी तोलून-मापून. कुणाचा वाटा हलका झाला तर भांडण होतं. पारावर इतका न्याय! आणि तोच वाटा उंबरठ्याच्या आत आला की न्याय संपला. घरातल्या वाट्यावरून कुठल्या बाईने भांडण केलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आणि गंमत पाहा, ते बोकड वाढवलं कुणी? शेळ्या राखते बाई. पाला आणते बाई, लेंड्या काढते बाई, करडू आजारी पडलं तर रात्रभर उशाशी घेऊन बसते बाई. बचत गटाचं कर्ज काढून शेळ्या घेतलेल्या तुमच्यात कितीजणी आहेत? हात वर करा. बघा. आता यातल्या कितीजणींनी वर्षभरात आपल्या शेळीचं मटण पोटभर खाल्लं? एकही हात नाही. बोकड विकलं, फी भरली, कर्जाचा हप्ता फेडला. त्याबद्दल मी दोष देत नाही. फक्त हिशोब मांडते आहे.

कुणी म्हणेल, नाही मिळालं मटण तर काय बिघडलं? चैनीची गोष्ट आहे. इथेच आपल्या रक्ताचा प्रश्न येतो. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबीन कमी, म्हणजे पंडुरोग आढळला. पुरुषांत तो 21.9 टक्के होता. त्याआधीच्या, 2015-16 च्या फेरीत आपल्या राज्यात बायकांचा आकडा 48 होता. म्हणजे तो वाढला. या सभेत आपण शंभरजणी असलो तर पन्नासहून अधिक जणींना रक्त कमी आहे असं समजा.

बाईच्या अंगातून दर महिन्याला रक्त जातं. म्हणून पोषण संस्थेनेच 2020 साली ठरवून दिलं की, पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह लागत असेल तर बाईला 29 मिलिग्रॅम हवं. लोह आपल्या भाकरीत आहे, पालेभाजीत आहे, डाळीत आहे. पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. धान्य-भाजीतल्या लोहाचा शंभरातला दोन ते वीस भाग शरीर घेतं. वर जेवणाबरोबर चहा प्यायला की त्यातलंही कमी होतं. मांसातलं लोह वेगळ्या प्रकारचं असतं. त्याचा पंधरा ते पस्तीस भाग अंगी लागतो. आणि भाकरीबरोबर थोडं मांस असेल तर भाकरीतलं लोहसुद्धा जास्त शोषलं जातं. म्हणजे ज्याला महिन्याला रक्त गमवावं लागत नाही, त्याच्या ताटात नळी आणि काळीज. आणि जिला गमवावं लागतं, तिच्या ताटात रस्सा. निसर्गाचा हिशोब एक आणि घराचा हिशोब बरोबर उलटा.

दुसरी गोष्ट ब-12 जीवनसत्त्वाची. हे दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. भाजी-भाकरीतून मिळत नाही. याचा अभ्यास तर आपल्या जिल्ह्यातच झाला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांची नोंद ठेवली. या बायका शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच. त्यांच्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात ब-12 कमी होतं. ज्यांच्या आहारात दूध, पालेभाज्या आणि फळं अधिक होती, त्यांची बाळं अंगाने बरी भरली. आणि आईच्या पोटात ब-12 कमी पडलेल्या मुलांवर पुढे वाढत्या वयात त्याचे परिणाम दिसले. म्हणजे आजच्या रिकाम्या वाट्याचा हिशोब पुढच्या पिढीच्या अंगावर निघतो.

आता मी एक जरा अवघड मुद्दा मांडते. आपल्या सभेत वेगवेगळ्या जातींच्या बाया आहेत, म्हणून सांभाळून बोलते, पण बोलते. मांसाचा प्रश्न घरात बाईच्या ताटाचा आहे, तसा गावात जातीच्या ताटाचाही आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात प्रा. शर्मिला रेगे यांच्याबरोबर विद्यार्थ्यांनी 2009 साली दलितांच्या खाण्याच्या आठवणींवर काम केलं. त्याच्या नावातच प्रश्न होता, ही थाळी भारतीय नाही का? 2015 साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरचं पुस्तक आलं. चान्या म्हणजे काय, रक्ती कशी करतात, वजडी कशी धुतात, हे छापील पाकपुस्तकांत कधी आलंच नव्हतं. ‘महाराष्ट्रीय थाळी’ म्हणून जी छापली जाते तिच्यात वरणभात, कोशिंबीर, पुरणपोळी. सरकारी तक्त्यावरच्या चित्रांतही बहुतेक तेच.

माझ्या ओळखीच्या एका आजींना मी चान्यांबद्दल विचारलं तर त्या रागावल्या. म्हणाल्या, “बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते पुन्हा कशाला उकरतेस?” त्यांचं खरं होतं. मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं, तेव्हा तो पोषणाचा प्रश्न नव्हता, माणुसकीचा होता. लादलेलं खाणं नाकारणं हा हक्क होता. पण लादलेलं खाणं नाकारण्याचा हक्क जसा आहे, तसा आपल्या आवडीचं आणि ऐपतीतलं खाण्याचाही आहे. आपल्या राज्यात गायींच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. बैल आणि वळूही त्यात आणणारी सुधारणा 1995 साली विधिमंडळात झाली आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च 2015 मध्ये अमलात आली. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेलं मांस जवळ ठेवणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशी-रेड्याचं मांस कायद्याने चालू आहे. या कायद्यावर आपल्यात मतभेद असतील, असू द्या. पण एक गोष्ट सगळ्यांनी मान्य करावी. बकऱ्याच्या मटणापेक्षा स्वस्त असलेलं लाल मांस ज्या घरांत शिजत होतं, त्या गरीब घरांतल्या बाईच्या ताटात त्या जागी काय आलं, हे विचारायला कुणी गेलं नाही.

मांस सोडा, अंड्याची गोष्ट घ्या. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा फळ. काही लोकांनी विरोध केला. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी बंद केला आणि शाळांनी लोकवर्गणीतून बघावं असं सांगितलं. आदिवासी भागांत 2015 पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि त्यात अंडं आहे. फार चांगली योजना. पण ती अनुसूचित क्षेत्रापुरती. आपल्या जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावचा काही भाग तिच्यात येतो, मुळशी येत नाही. म्हणजे मुळशीतल्या कातकरी वस्तीवरच्या गरोदर बाईला त्या योजनेतलं अंडं मिळत नाही. तिच्या अंगातलं रक्त तालुक्याची हद्द बघून कमी-जास्त होतं का?

काही जणींना वाटत असेल, हे तज्ज्ञांचं काम आहे, आपण काय बोलणार? तर तज्ज्ञांची पुस्तिका कशी तयार होते याची एक गोष्ट सांगते. अमेरिकेत 1977 साली सिनेटच्या एका समितीने लोकांना सल्ला दिला, मांस कमी खा. तिथल्या गुरं पाळणाऱ्या बड्या उद्योगाने आरडाओरडा केला. त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते शब्द बदलून ‘चरबी कमी होईल असं मांस निवडा’ अशा अर्थाचे शब्द आले. आणि जानेवारी 2026 मध्ये आलेल्या अमेरिकेच्या नव्या मार्गदर्शिकेत मांस आणि सायीचं दूध यांना पुन्हा मानाची जागा मिळाली. विज्ञान असतंच, पण ते कागदावर उतरताना कुणाचा आवाज मोठा आहे हेही बघितलं जातं. तिथे उद्योगपतींचा आवाज पोचतो. आपल्याकडे श्रद्धेचा, जातीचा आवाज पोचतो. पातेलं पुसून खाणाऱ्या बाईचा आवाज कुठेच पोचत नाही, कारण तो तिने काढलेलाच नाही.

म्हणून मला एवढंच म्हणायचं आहे. ‘लाल मांस कमी खा’ हे वाक्य अपुरं आहे. कुणी कमी खायचं आणि कुणी जास्त, हे त्यात नाही. जो आठवड्यातून तीनदा हॉटेलात मटण थाळी खातो त्याला ते सांगा, तेही दारूच्या ग्लासाबरोबर खाणाऱ्याला आधी सांगा. आठ हिमोग्लोबीनच्या बाईला सांगायचं असेल तर वेगळं सांगा. सरकारच्या थाळीत एक ‘माणूस’ धरलेला आहे. आपल्या घरात थाळी माणसाप्रमाणे वाढली जात नाही, मानाप्रमाणे वाढली जाते.

इथे माळकरी बायाही बसल्या आहेत, जन्मापासून न खाणाऱ्याही आहेत. त्यांनी असं समजू नये की मी कुणाला मांस खायला सांगते आहे. ज्यांनी आपल्या मनाने सोडलं, त्यांचा मला आदरच आहे. त्यांच्यासाठीही वाट्याचा प्रश्न आहेच. दूध घरात येतं तेव्हा ते कुणाच्या पेल्यात जातं? तूप कुणाच्या भातावर? डाळ घट्ट कुणाला आणि पाणी कुणाला? आपण मनाने सोडलं की आपल्याला मिळालंच नाही म्हणून सोडल्यासारखं झालं, एवढं फक्त ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावं.

आता करायचं काय? चार गोष्टी सांगते.

पहिली, रक्त तपासा. प्रत्येक गटाने वर्षातून दोनदा आपल्या सभासदांचं हिमोग्लोबीन तपासून वहीत लिहावं. हप्त्याची नोंद ठेवतो तशी रक्ताची ठेवा. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्या. मटणाने गोळीचं काम भागत नाही, हे नीट समजून घ्या. आठ हिमोग्लोबीन चार फोडींनी बारा होत नाही. गोळीने पोट बिघडतं म्हणून ती उशाखाली ठेवू नका, आशाताईंना सांगा, वेळ बदलून घ्या.

दुसरी, ताटाचा हिशोब. जेवणावर लिंबू पिळा, चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा, डाळ-उसळ रोज. ज्या खातात त्यांनी आठवड्यातून दोन-चार अंडी स्वतःसाठी धरा. सुकट-बोंबील स्वस्त पडतात, तेही चांगले. मटण आणाल तेव्हा काळजाचा तुकडा घरातल्या मुलीला आणि रक्त कमी असलेल्या बाईला. फक्त गरोदरपणात काळीज वरचेवर नको, त्यातलं अ जीवनसत्त्व फार झालं तर पोटातल्या बाळाला बाधतं.

तिसरी, सगळे एकत्र जेवायला बसा. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, मला माहीत आहे. सासूबाई काय म्हणतील? नवरा काय म्हणेल? सुरुवात मुलीपासून करा. मुलाच्या आणि मुलीच्या ताटात फोडी मोजून सारख्या वाढा. मुलगा कुरकुरेल. कुरकुरू द्या. त्याच्या बायकोसाठी तुम्ही आज एक चांगला नवरा घडवता आहात.

चौथी, मागणी. ग्रामसभेत ठराव करा की, आपल्या अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा बायांना अंडं मिळावं. न खाणाऱ्यांना दूध किंवा त्याच तोडीचं दुसरं काही. शाळेतलं बंद झालेलं अंडं पुन्हा सुरू करा, वर्गणीवर सोडू नका. आणि पोषण संस्थेला पत्र लिहा. होय, हैदराबादला, आपल्या भाषेत. पुढची मार्गदर्शिका निघेल तेव्हा तिच्यात आणखी एक तत्त्व घाला: घरात जे काही पौष्टिक येईल त्याचा पहिला वाटा, ज्याच्या अंगाला त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याला. खाली आपल्या सगळ्यांच्या सह्या, अंगठे.

नांदे-चांद्याचा हा पट्टा झपाट्याने बदलतो आहे. हिंजवडीच्या इमारती इथून दिसतात. जमिनी विकल्या गेल्या, गाड्या आल्या, रस्त्याला हॉटेलं लागली. मटण पूर्वीपेक्षा जास्त शिजतं. तरीही बाईचं रक्त वाढलेलं नाही. पैसा आला की बाईचं ताट आपोआप भरतं, हा समज आता सोडून देऊ या.

त्या बाईला मी नंतर भेटले. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, “तुला कमी करायचं नाही. तुला तुझा वाटा घ्यायचा आहे.” ती म्हणाली, “मागितला तर हावरी म्हणत्याल.” हे ‘हावरी’ आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी ऐकलेलं आहे. लहानपणी आईकडून, मग सासूकडून. जमिनीत वाटा मागितला तर हावरी, मजुरी वाढवून मागितली तर हावरी, ताटात फोड मागितली तर हावरी. या शब्दाला भिऊन आपण आजवर रस्सा खाल्ला.

येत्या रविवारी ज्यांच्या घरी मटण शिजेल, त्यांनी वाढायच्या आधी पातेल्यातल्या फोडी एकदा मोजा. घरातली माणसं मोजा, आणि त्यात स्वतःला धरा. पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगा. भांडण झालं तरी सांगा. आपण सगळ्याजणी ऐकायला बसलेल्या असू.